वेळापुराहून देवगिरीस : राजधानी पाहण्याचा क्रम

इतिहासप्रसिद्ध राजधानीचें दर्शन दोन-तीन दिवसांत घ्यावयाचें झाल्यास त्या प्रवासाची आंखणी कशी करावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. कोणत्या वाहनानें जावें, कोठें उतरावें व खर्च किती येईल, एवढें ठरलें म्हणजे योजना पुरी झाली असें बहुतेकांस वाटतें. परंतु देवगिरीहून परतलेल्या मनुष्यास काय पाहिलें म्हणून विचारावें, तर मनोरा पाहिला, मेंढा तोफ पाहिली, अंधारी पाहिली व वरची बारादरी पाहिली, असें उत्तर मिळतें. यांतील मनोरा बहामनींचा, तोफ व बारादरी मोगलांच्या अमलांतील. मग यादवांची म्हणून जी राजधानी पाहावयास हा मनुष्य घरून निघाला होता ती त्यानें कोठें पाहिली? पुष्कळ वेळां ती त्याच्या पायाखालून व डोळ्यांपुढून गेलेली असते. पण ओळख नसल्यामुळें ती त्याला दिसलेली नसते.

विजयनगर इ. स. १५६५ नंतर ओस पडलें, त्यामुळें तेथें एका राज्याचे अवशेष बऱ्याच अंशीं एकाच थरांत पाहावयास सांपडतात. देवगिरीचें तसें नाहीं. हें स्थळ इतकें बळकट कीं, ज्याच्या हातीं दक्षिण आली त्यानें तें सोडलें नाहीं. प्रत्येकानें मागच्याचा दगड घेतला व त्यावर आपलें काम उभारलें. अशा ठिकाणीं थर सोडवून वाचण्याची दृष्टि घरूनच तयार करून न्यावी लागते. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, राजधानी पाहण्याचा आरंभ राजधानींत करूं नये. तो आपल्या गांवच्या दगडापासून करावा. प्रस्तुत लेखांत वेळापूर हें प्रस्थान धरून तीन दिवसांच्या प्रवासाचा क्रम आम्ही देत आहों. वाचकांनीं आपापल्या गांवाप्रमाणें त्यांत फरक करून घ्यावा.

(१) प्रस्थानापूर्वी : वेळापूर

वेळापूर हें गांव सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांत, पुण्याहून पंढरपुरास जाणाऱ्या मार्गावर आहे. आषाढी वारींत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम येथें होतो, म्हणून वारकऱ्यांस हें नांव परिचित आहे. संशोधकांस तें दुसऱ्या कारणासाठीं परिचित असावें. येथील अर्धनारीनटेश्वराचें देवालय यादवकालीन असून रामचंद्रदेव यादवाच्या राजवटींतील दोन शिलालेख या गांवीं आहेत. एक शके १२२२ चा व दुसरा शके १२२७ चा. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं १९६३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या संग्रहांत वेळापूरच्या लेखांचा समावेश आहे. तो ग्रंथ हातीं घेऊन दगडापुढें बसावें, हें उत्तम.

शक वाचतांना संवत्सराचा ताळा पाहण्याची संवय जिज्ञासूंनीं लावून घ्यावी. रीत सोपी आहे. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें; जी बाकी राहील त्या क्रमांकाचा संवत्सर प्रभवापासून मोजावा. १२२२ मध्यें १२ मिळविले कीं १२३४ होतात. ६० नीं भागतां बाकी ३४, म्हणजे शार्वरी. १२२७ चे १२३९ होतात. बाकी ३९, म्हणजे विश्वावसु. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरांतील प्रसिद्ध चौऱ्यांशीच्या लेखाचा आरंभ शके ११९५ चा आहे. ११९५ अधिक १२ म्हणजे १२०७, बाकी ७, आणि सातवा संवत्सर श्रीमुख. झिजलेल्या शिळेवर शकाचा एखादा अंक संशयित असला व संवत्सराचें नांव मात्र उमटत असलें, तर या एका ओळीच्या गणितानें पुष्कळ वाद मिटतात. इसवी सन काढण्यास शकांत ७८ मिळवावे. पौषाच्या मध्यानंतरची मिति असल्यास बहुधा ७९ मिळवावे लागतात.

आतां या दोन शकांचें महत्त्व पाहा. शके १२२२ म्हणजे इ. स. १३०० व शके १२२७ म्हणजे इ. स. १३०५. अलाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर पहिली धाड घातली ती इ. स. १२९६ मध्यें. (जुन्या पुस्तकांत हें साल १२९४ असें आढळतें, आधुनिक संशोधक बहुधा १२९६ धरतात.) मलिक काफूरनें रामचंद्रास पकडून दिल्लीस पाठविलें तें १३०७ च्या सुमारास. म्हणजे वेळापूरचे दोन्ही लेख या दोन आपत्तींच्या मधल्या दहा-अकरा वर्षांतील आहेत. राजधानी लुटली गेली होती, खंडणी द्यावी लागली होती, आणि तरीहि माणदेशाच्या कडेच्या या गांवांत रामचंद्राच्या राज्याचा काळ दगडावर खोदला जात होता. ही एक गोष्ट मनांत पक्की करून जो देवगिरीस जाईल त्यास तेथील उभा कडा निराळा दिसेल.

लेखानंतर खांब पाहावे. यादवकालीन खांबाची ठेवण अशी कीं, खालीं तळखडा, त्यावर चौकोनी भाग, पुढें अष्टकोनी व वर्तुळाकार भाग एकावर एक, आणि माथ्यावर तुळयांचा भार घेणारे हस्त. पुष्कळ ठिकाणीं या हस्तांवर भार पेलणाऱ्या कीचकांच्या आकृति असतात. दगड चुन्यावांचून, खांचा व वजन यांच्या बळावर बसविलेले असतात. वेळापूरच्या देवालयांतील एका खांबाचें साधें रेखाचित्र वहींत काढून घ्यावें व त्याच्या प्रत्येक भागाची उंची वितींत नोंदावी. चित्र सुबक नसलें तरी चालेल. तें देवगिरीस आपल्या फार उपयोगीं पडणार आहे. येथें एक सूचना करणें अवश्य आहे. अशा सर्व देवळांस लोक हेमाडपंती म्हणतात. हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र यांच्या वेळचा श्रीकरणाधिप. परंतु या पद्धतीचीं पुष्कळ देवळें त्याच्या जन्मापूर्वींचीं आहेत. म्हणून तो शब्द पद्धतीचा वाचक समजावा, कर्त्याचा समजूं नये.

(२) बरोबर नेण्याची शिदोरी

प्रवासापूर्वी दोन-चार ग्रंथ चाळले पाहिजेत. संस्कृत जाणणारांनीं हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणींतील व्रतखंडाच्या आरंभीं असलेली यादवांची राजप्रशस्ति अवश्य वाचावी, रा. गो. भांडारकर यांनीं आपल्या दक्षिणेच्या इतिहासाच्या परिशिष्टांत ती दिली आहे. मराठींत लीळाचरित्र आहे. त्यांत राजे, अधिकारी, बाजार व वाटा यांचे उल्लेख सहजगत्या येतात, आणि सहज आलेला उल्लेख हा संशोधकास प्रशस्तीपेक्षां अधिक विश्वासाचा. फारसींत अमीर खुस्रो व बरनी यांचे ग्रंथ, तसेंच इसामीचें फुतूह-उस्-सलातीन हें काव्य आहे; हें शेवटचें इ. स. १३५० मध्यें खुद्द दौलताबादेस पुरें झालें. फेरिश्ता हा त्यानंतर अडीचशें वर्षांनीं लिहितो. वेढ्याच्या वेळीं किल्ल्यांत नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजीं मीठ निघालें ही सर्वतोमुखीं असलेली कथा त्याच्याच ग्रंथांत मिळते. तेव्हां ती सांगतांना तिचें वयहि सांगावें.

इब्न बतूतानें इ. स. १३४२ च्या सुमारास हें शहर पाहिलें. त्यानें त्याचे तीन भाग सांगितले आहेत : सुलतानाच्या वस्तीचें दौलताबाद, दुसरें कटक, व तिसरा देवगिरीचा दुर्ग. आमच्या मतें ही नोंद मराठी वाचकांस सोन्याच्या मोलाची आहे. कारण महानुभाव ग्रंथांत 'कटक' हा शब्द याच नगरासाठीं येतो. यादवांचें राज्य जाऊन पाव शतक लोटलें, राजधानीचें नांव सरकारी हुकुमानें बदललें, तरी परदेशच्या प्रवाशाच्या कानीं जुनें मराठी नांव पडलें व त्यानें तें टिपून ठेविलें.

सनावळीचें एक टांचण खिशांत असूं द्यावें. भिल्लमानें इ. स. ११८७ च्या सुमारास स्वतंत्र राज्य स्थापिलें. त्यामागून जैतुगि, सिंघण, कृष्ण, महादेव व १२७१ पासून रामचंद्र. १२९६ ची धाड. १३०७ ची दुसरी स्वारी. १३११ च्या सुमारास रामचंद्राचा मृत्यु. १३१३ त शंकरदेवाचा वध. १३१८ त हरपालदेवाचा अंत. १३२७ त महंमद तुघलखानें येथें राजधानी आणून दौलताबाद नांव दिलें. १३४७ त येथेंच बहामनी राज्याचा आरंभ झाला; १४९९ त किल्ला निजामशाहींत गेला; १६३३ त मोगलांनीं घेतला. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर तो कांहीं काळ मराठ्यांकडे आला, आणि पुढें हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत १९४८ पर्यंत राहिला. एवढ्या तेरा आंकड्यांवर सबंध टेंकडी वाचतां येते.

(३) पहिला दिवस : वाट व नेवासें

ऋतु कार्तिकापासून माघापर्यंतचा धरावा. उन्हाळ्यांत काळा खडक दुपारीं इतका तापतो कीं वर चढणें वृद्धांस धोक्याचें होतें, आणि पावसाळ्यांत पायऱ्या निसरड्या असतात. वेळापुराहून अकलूज, टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) व तेथून छत्रपती संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) असा सडकेचा मार्ग आहे. एकंदर अंतर सुमारें ३०० किलोमीटर. आगगाडीनें जावयाचें तर कुर्डुवाडीहून दौंड व मनमाड यांवरून जावें. मनमाडहून संभाजीनगराकडे जातांना दौलताबाद हें स्थानक आधींच लागतें.

सडकेनें जाणारांनीं पहिल्या दिवशीं दुसरी घाई करूं नये. अहिल्यानगराच्या पुढें मुख्य सडक किंचित् सोडून नेवाशास जावें. ज्ञानेश्वरी येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, पुरी झाली. तिच्या शेवटीं रामचंद्राच्या राज्याचा उल्लेख आहे. ज्या खांबास टेंकून ती सांगितली असें परंपरा मानते तो पैसाचा खांब येथें आहे, व त्यावर कोरीव अक्षरें आहेत. भाविकानें त्यास नमस्कार करावा. संशोधकानेंहि करावा, आणि मग अक्षरांचें वळण पाहावें. वेळापूरचे लेख नेवाशाच्या ग्रंथानंतर अवघ्या दहा व पंधरा वर्षांचे. एकाच राजाच्या राज्यांत एकीकडे भाषा ओवींतून वाहत होती व दुसरीकडे दगडावर कामकाज नोंदीत होती, हें येथें उभें राहिल्यावर जसें उमजतें तसें घरीं उमजत नाहीं.

(४) दुसरा दिवस : देवगिरी

संभाजीनगराहून देवगिरी सुमारें १५ किलोमीटर आहे. हा सबंध दिवस किल्ल्यास द्यावा. वेरूळ, खुलताबाद व किल्ला एकाच दिवसांत उरकणाऱ्या गाड्या पुष्कळ निघतात. त्यांत बसणारास किल्ल्यावर दीड-दोन तास मिळतात, आणि ते चढण्या-उतरण्यांतच जातात. किल्ल्यावर पाणी, विजेची बत्ती, टोपी व मजबूत पायताण एवढें बरोबर असावें. पायऱ्या सातशेंहून अधिक सांगतात.

प्रथम तटांचा क्रम समजून घ्यावा. सर्वांत बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आंत महाकोट, त्याच्या आंत काळाकोट, व मध्यें सुमारें ६०० फूट उंचीचा शंखाकृति डोंगर. वेरूळकडे जाणारी सडक बाहेरच्या तटाच्या आंतूनच जाते, त्यामुळें वाहनांत बसलेल्या मनुष्यास आपण नगरांत शिरलों हें कळतच नाहीं. शक्य झाल्यास तटाच्या कडेनें थोडें पायीं चालावें, म्हणजे वस्ती केवढी मोठी होती याचा अंदाज येतो.

महाकोटाच्या दरवाजांतून आंत गेल्यावर लोक मनोऱ्याकडे धांवतात. आमची सूचना अशी कीं, आधीं डावीकडे हत्तीहौद पाहून जुन्या जामा मशिदीच्या चौकांत जावें. ही वास्तु कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या वेळची, इ. स. १३१८ ची, १९४८ नंतर तेथें भारतमातेची मूर्ति स्थापन झाल्यानें आतां ती भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. आंत शंभराहून अधिक खांब आहेत, व ते जुन्या हिंदु व जैन देवालयांचे आहेत. येथें वेळापूरचें चित्र काढावें. चौकोन, अष्टकोन, वर्तुळ, माथ्यावरील हस्त, अशी ओळख पटूं लागते. दोन खांबांच्या मापांत व कोरणींत फरक दिसला कीं ते एका देवळाचे नव्हेत हेंहि ध्यानांत येतें. ज्या राजधानीचें आपण नांव ऐकलें तिचीं देवळें या ओळींत उभीं आहेत. फक्त त्यांचा क्रम बदललेला आहे. आमच्या समजुतीनें देवगिरींत यादवांची भेट व्हावयाची ती मुख्यत्वें येथेंच होते. आणि घरचा खांब नीट न पाहिलेल्या माणसास येथें केवळ एक मोठी ओसरी दिसते.

यानंतर चांदमिनार. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा याच्या कारकीर्दीतील हा मनोरा सुमारें २१० फूट उंच आहे. याच्या पायथ्याजवळील फारसी लेखांत हिजरी ८४९ हें साल आहे. हिजरी सालाचा स्थूल इसवी काढण्यास त्याचे शेंकडा तीन वजा करून ६२२ मिळवावे : ८४९ मधून २५ वजा जातां ८२४, त्यांत ६२२ मिळवितां १४४६, बरोबर साल १४४५-४६ आहे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असतें, म्हणून हें शेंकडा तीनाचें वजावट करावें लागतें. ज्यांच्या संग्रहीं फारसी सनदा आहेत त्यांस ही रीत नित्य उपयोगी पडेल.

पुढें काळाकोटांत चिनीमहाल लागतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा यास १६८७ नंतर औरंगजेबानें येथें बंदींत ठेविलें होतें. जवळच्या बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची तोफ आहे. तिचें फारसी नांव किल्लाशिकन. तेथून खंदक ओलांडून आपण अंधारींत शिरतों. खंदकाच्या कांठीं क्षणभर थांबून कडा पाहावा. डोंगराची कमर सुमारें दीडशें फूट उभी तासून काढली आहे. हें काम यादवांनीं किती केलें व पुढच्यांनीं किती वाढविलें याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. म्हणून मार्गदर्शक जें ठाम सांगेल तें ऐकून घ्यावें, वहींत मात्र 'मतभेद' असें लिहावें. अंधारीचा मार्ग खडकांतून वळणें घेत वर चढतो. आंत वटवाघळें असतात. बत्ती पायांकडे धरावी. ज्यांस श्वासाचा विकार आहे त्यांनीं खालींच थांबावें. खांब पाहिलेले असले म्हणजे त्यांचें येणें व्यर्थ गेलें असें होत नाहीं.

वर बारादरी आहे. ती शहाजहानाच्या काळची मानतात, व तो १६३६ मध्यें दौलताबादेस आला होता. त्याहून वर जनार्दनस्वामींचें स्थान आहे. एकनाथ महाराजांचे हे गुरु निजामशाहींत या किल्ल्याचे अधिकारी होते. माथ्यावर तोफेच्या बुरुजावरून चहूंकडचा प्रदेश दिसतो. तेथें बसून सनावळीचें टांचण काढावें व खालच्या एकेका वास्तूवर बोट ठेवून तिचें शतक म्हणावें. विद्यार्थी बरोबर असल्यास याहून चांगली परीक्षा नाहीं. उतरतांना दिवस कलला असेल. त्या तिरप्या उन्हांत पुनः एकदां खांबांच्या चौकांत जावें. सकाळीं सपाट भासलेली कोरणी सायंकाळीं उठून दिसते, असा आमचा नेहमींचा अनुभव आहे.

(५) तिसरा दिवस : कागजीपुरा, खुलताबाद व वेरूळ

तिसरा दिवस ठरवितांना मंगळवार टाळावा. त्या दिवशीं वेरूळचीं लेणीं बंद असतात. देवगिरीहून खुलताबादेच्या वाटेवर कागजीपुरा हें लहानसें गांव आहे. प्रवासी येथें सहसा थांबत नाहींत. पोथ्या व दप्तरें जमविणारांनीं मात्र अवश्य थांबावें. हातकागद करण्याचा धंदा येथें पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. पेशवाईच्या दप्तरांत ज्याचें नांव पुनः पुनः येतें तो दौलताबादी कागद याच परिसरांतला. घरच्या संग्रहांतील एखादा कोरा किंवा निरुपयोगी तुकडा उजेडापुढें धरून पाहावा : लगदा ज्या काड्यांच्या चाळणीवर उचलला तिच्या बारीक समांतर रेषा दिसतात, आणि घोटलेल्या पृष्ठभागावर चकाकी असते. राजधानी गेली, तिचा कागद मात्र पुणें-साताऱ्याच्या दप्तरखान्यांपर्यंत पोंचला. तेव्हां या गांवची भेट ही आपल्या संग्रहाचीच भेट समजावी.

खुलताबादेस औरंगजेबाची साधी कबर व मलिक अंबरचा मकबरा आहे. अंबर १६२६ त वारला, औरंगजेब १७०७ त. वेरुळास कैलास लेणें तर पाहावेंच. शिवाय दशावतार लेण्यांत राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे, तो ठाऊक असावा. चक्रधरांचा मुक्काम वेरुळास होता हें लीळाचरित्र वाचलेल्यांस सांगणें नको. घृष्णेश्वराचें आजचें देऊळ अठराव्या शतकांत अहिल्याबाई होळकर यांनीं बांधविलेलें आहे.

(६) संग्राहकांस दोन शब्द

अशा प्रवासांत जुनीं नाणीं, शिक्के, मूर्तींचे तुकडे विकावयास आणणारे लोक भेटतात. यादवांचीं सोन्याचीं पद्मटंक नाणीं प्रसिद्ध असल्यामुळें त्यांच्या नकलांस गिऱ्हाईक मिळतें. आमचें सांगणें असें कीं, तेथें कांहींहि विकत घेऊं नये. नकली असल्यास पैसे गेले; खरें असल्यास तें कोणत्या जमिनींतून व कोणत्या थरांतून निघालें ही माहिती कायमची गेली, आणि ती माहिती नाण्याच्या सोन्याहून मोलाची असते. शिवाय १८७८ चा निखातनिधीचा कायदा व १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा हे दोन्ही ध्यानांत असावे. दुसऱ्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील वस्तु व पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाचीं हस्तलिखितें पुरावस्तूंत मोडतात. संरक्षित स्मारकांतील लेखाचा ठसा परवानगीवांचून घेऊं नये. छायाचित्र व हस्तलिखित नक्कल यांवर भागवावें.

गांवच्या शिलालेखाच्या बाबतींत तर अधिक जपलें पाहिजे. भाविकपणानें लेखावर तेल, शेंदूर, चुना किंवा तैलरंग चढतो, आणि तो काढण्यासाठीं कोणी लोखंडी पट्टी घेतली कीं अक्षरांच्या कडा जातात. दगड खरडूं नये; खडूनें अक्षरें भरूं नयेत. साध्या पाण्यानें व मऊ कुंचल्यानें धूळ तेवढी काढावी, रात्रीं बत्ती दगडाच्या एका बाजूस जवळजवळ टेंकवून धरावी, म्हणजे प्रकाश आडवा पडून झिजलेलीं अक्षरेंहि सांवलीमुळें वाचतां येतात. एकाच ओळीचें छायाचित्र चारी बाजूंनीं प्रकाश देऊन घ्यावें.

(७) हा क्रम कां ?

पाठ्यपुस्तकांत देवगिरीचें राज्य एका वाक्यांत बुडतें. वस्तुतः १२९६ पासून १३१८ पर्यंत बावीस वर्षांचा तो काळ आहे, आणि त्या काळाबद्दल बोलणारी जीं साधनें आहेत त्यांतील बहुतेक जेत्यांच्या बाजूचीं. हेमाद्रीची प्रशस्ति त्यापूर्वींची. खुस्रो, बरनी, इसामी हे सर्व सुलतानांच्या आश्रयाचे किंवा त्यांच्या दृष्टीनें पाहणारे. राजधानींतील दगड त्या वर्षांविषयीं थोडेंच सांगतात, कारण ते पुढें उचलले गेले व दुसऱ्या कामीं लागले. त्या बावीस वर्षांत मराठी मुलुखांतील माणसें काय करीत होतीं, कोणाचें राज्य मानीत होतीं, दिवस कसे मोजीत होतीं, याचा पुरावा वेळापुरासारख्या गांवांत जागच्या जागीं राहिला. १३०० व १३०५ या दोन सालांचे लेख नसते तर पहिल्या धाडीनंतर भीमा-नीरेच्या कांठीं रामचंद्राचा अंमल उरला होता कीं नाहीं, हें आपणांस तर्कानें ठरवावें लागलें असतें.

म्हणून राजधानीची सहल ही गांवच्या दगडाकडून राजधानीच्या दगडाकडे जाणारी असावी, व ती परत गांवींच संपावी. देवगिरीच्या चौकांत ज्यानें आपल्या गांवचा खांब ओळखला, तो घरीं येऊन त्या खांबावर तैलरंग चढूं देणार नाहीं. एवढें जरी झालें तरी तीन दिवसांचा श्रम सार्थकीं लागला असें आम्ही समजूं. वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं शके १२१८ ते १२४० या दरम्यानचे लेख असतील त्यांनीं त्यांची नक्कल, माप, दगडाची सध्याची जागा व छायाचित्र असें टांचण करून मंडळाकडे पाठवावें. अशीं पंचवीस-तीस टांचणें एकत्र आलीं, तर शेवटच्या यादवांचा अंमल कोणत्या सालीं कोठपर्यंत चालत होता याचा नकाशा काढतां येईल. आणि तो काढण्याचें काम राजधानींत बसून होण्यासारखें नाहीं.